चवड्यावरची पट्टी

भवानी पेठ, सोलापूर
१८ फेब्रुवारी २०२४

चि. धम्मप्रिया हिस,
शरणु शरणार्थी.

इतक्या वर्षांनी बाईंचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. मी शाबूत आहे, कान तेवढे गेले. समोर असलेल्याचं ओठांवरून समजतं, फोनवर कुणी काय बोलतो ते कळत नाही. कानाचं यंत्र लावलं तर नुसती खरखर ऐकू येते. आणि मोबाइलवर अंगठ्यानं लिहिणं मला ह्या जन्मी जमणार नाही. सातवीत तुमच्या वर्गाला पत्रलेखन मीच शिकवलं होतं, तेव्हा निदान तू तरी शेवटपर्यंत वाचशील.

आमच्या ह्यांच्या उजव्या पायाला दिवाळीपासून जखम आहे. शुगर जुनीच. चपलेचा खिळा वर आला होता आणि तो टोचतोय हेच ह्यांना कळलं नाही, पायाला संवेदना उरली नव्हती. आधी करंगळी काळी पडली, मग शेजारचं बोट. डॉ. मंजुनाथ म्हणून शल्यविशारद आहेत, त्यांनी तपासलं आणि सांगितलं, गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. हे खाटेवर उठून बसले.

"मी टेलर हाय, डॉक्टर. मशीन पायानं चालतंय."

"मोटर बसवून घ्या की, पंचाक्षरीअण्णा."

"मोटर मशिनीला बसंल. मला कुटं बसवता?"

आणि चालत घरी आले. तसल्या पायानं, चालत.

मी दुसऱ्या दिवशी एकटीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला एक माहितीपत्रक दिलं. पुण्याच्या प्रयोगशाळेनं केलेली एक पट्टी त्यांच्या रुग्णालयात तपासून बघणार आहेत म्हणे. पायाच्या कुठल्या भागात प्राणवायू पोचतो ते ती सांगते, मग कुठं कापायचं ते ठरवता येतं, कदाचित थोडंच कापून भागेल. खाली संशोधकांची नावं होती, त्यात धम्मप्रिया धर्मपाल. अशा नावाची दुसरी कोण असणार?

ती तूच असशील तर मला समजेल असं लिही. हे कुणाचंच ऐकत नाहीत. मी आशा धरू की धरू नको, काय ते सांग. मी दमले आहे ग.

तुझी,
दानम्माबाई


पुणे
२७ फेब्रुवारी २०२४

बाई, जयभीम.

हो, ती मीच. तुमचं अक्षर पाकिटावर पाहिलं आणि आधी शुद्धलेखनाच्याच चुका आठवल्या.

काकांचं वाचून वाईट वाटलं. माझा पहिला गणवेश त्यांनीच शिवला होता, वाढत्या अंगाचा, गुडघ्याच्या खाली येणारा.

पट्टीचं सांगते. एका पातळ, पारदर्शक पट्टीत आम्ही एक रंगद्रव्य घालतो. त्यावर हिरवा प्रकाश टाकला की ते लाल चमकतं, आणि दिवा बंद केल्यावरही क्षणाच्या अगदी बारीक तुकड्यापुरतं चमकत राहतं. आसपास प्राणवायू असेल तर तो ही चमक लवकर विझवतो. प्राणवायू नसेल तर ती रेंगाळते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला मोजता येतो. म्हणजे चमक जितकी रेंगाळेल तितक्या त्या जागच्या पेशी गुदमरलेल्या. मी आधी काचेच्या थाळीत वाढवलेल्या पेशींमध्ये हे द्रव्य सोडून मोजत होते, मग उंदरांच्या गाठींमध्ये, आणि आता माणसाच्या कातडीवर. सहा वर्षं एका अंधाऱ्या खोलीत गेली. बाहेर आले की डोळे दिपतात. आई टेंभुर्णीला सतीशदादाकडे असते, ती दर आठवड्याला विचारते, तुझी शाळा कधी सुटणार? मीही दमले आहे, बाई. पण तुमच्याइतकी नाही.

आशेचं विचारलंत. पट्टी पाय वाचवत नाही. ती फक्त सांगते, इथं जीव आहे, इथं नाही. कापायचं कुठं ते डॉक्टर ठरवतात. आमच्याकडे पुण्यात बऱ्याच लोकांवर तपासली, आकडे चांगले आले. मी काकांना ओळखते हे माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं आहे, त्यामुळे नियमाप्रमाणे त्यांचे आकडे मी बघणार नाही.

शुगर आटोक्यात आणायला लावा. आणि काकांना चालू देऊ नका.

तुमची,
धम्मप्रिया


सोलापूर
१४ एप्रिल २०२४

चि. धम्मप्रिया,
शरणु शरणार्थी आणि आज जयंतीचा जयभीम. गल्लीच्या तोंडाशी निळ्या पताका लागल्या आहेत. मला मिरवणुकीतलं काही ऐकू येत नाही, पण छातीत ढोल वाजल्यासारखं होतं, तेवढ्यावरून समजते.

तुझ्या पत्रानं ह्यांचं मन वळलं. "पोरगी आपल्या गल्लीतली हाय व्हय? मग लावून बगू," म्हणाले. शुगर उतरायला मार्च गेला, तोवर तिसरं बोटही गेलं. गेल्या आठवड्यात दाखल केलं.

पट्टी लावली ती दुपार मी विसरणार नाही. वॉर्ड वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा. वीज गेलेली, कूलर बंद. खाटेच्या लोखंडाला हात लावला तर चटका बसत होता. हे सदरा काढून बसलेले. डॉक्टरांनी खिडकीला चादर लावून अंधार केला आणि चवड्यावर, घोट्यावर, पोटरीवर तुझ्या पट्ट्या चिकटवल्या. छोटंसं यंत्र बॅटरीवर चालत होतं. चादर काढल्यावर हे म्हणतात, "चवड्यावर ठिपका चमकला की! लाल!" मला वाटतं त्यांना भास झाला, पण मी हो म्हटलं.

डॉक्टरांनी आकडे बघितले, पुन्हा बघितले. मग मला कागदावर लिहून दिलं: "चवड्याच्या मागचा भाग जिवंत दिसतो. बोटं आणि पुढचा चवडाच काढू. टाच राहील."

टाच राहील! मी तिथंच खुर्चीत बसले. ह्यांना सांगितलं तर डोळे पुसायला लागले आणि म्हणाले ऊन फार आहे.

शस्त्रक्रिया झाली. टाच आहे, घोटा आहे. डॉक्टर म्हणतात खास बूट करून घेतला तर मशीन चालवता येईल. आणखी काय लिहू? तुझ्या वडिलांना, धर्मपालांना, आज हे सांगायला हवं होतं. ते असते तर सगळ्या पेठेला ऐकवत सुटले असते.

तुझी,
दानम्माबाई


पुणे
२२ एप्रिल २०२४

बाई, जयभीम.

तुमचं पत्र खिशात घालून फिरते आहे. पुष्कळ वर्षांत पहिल्यांदा वाटलं की अंधाऱ्या खोलीतले दिवस कुणाच्या तरी कामी आले. सरांना त्यातलं वाचून दाखवलं. त्यांनी गेल्या गुरुवारच्या सभेत सांगितलं, "सोलापुरात एका माणसाची टाच वाचली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेखाचा मसुदा जूनमध्ये पाठवायचा आहे, त्यानंतर माझा प्रबंध.

खरं सांगायचं तर टाळ्या ऐकताना मला झोप येत होती. इतकी दमले आहे. प्रबंध संपला की आईला घेऊन सोलापूरला येईन आणि नुसती झोपेन.

जखम कशी आहे? टाके कधी काढणार? रुग्णालयाकडून पुढची माहिती आमच्याकडे फार उशिरा येते, म्हणून तुम्हीच लिहा.

तुमची,
धम्मप्रिया


सोलापूर
१२ मे २०२४

चि. धम्मप्रिया,

जखम ठीक आहे. वेळ लागतोच. डॉक्टर म्हणतात शुगरमुळे हळू भरते. तू काळजी करू नकोस, तुझा प्रबंध आधी पुरा कर.

ऊन कमालीचं आहे. शेजारच्या काशम्मा येऊन भाकरी करून देतात. शिवलीला, आमची मुलगी, हुबळीहून आली आहे. घरात माणसं आहेत म्हणून बरं आहे. जास्त लिहीत नाही.

दानम्माबाई


पुणे
२७ मे २०२४

बाई, जयभीम.

हे पत्र मी फाडून पुन्हा लिहिते आहे. कृपा करून बसून वाचा.

मागच्या आठवड्यात लॅबमधला एसी बंद पडला. मी एक नवी पट्टी यंत्राला लावून टेबलावर उघडी ठेवली होती. कातडीवर लावलेली नव्हती, नुसत्या हवेत होती. सकाळी आकडा बरोबर होता. दुपार चढत गेली तसा आकडा वाढत गेला, म्हणजे यंत्र सांगत होतं की प्राणवायू वाढतो आहे. पण हवेतला प्राणवायू दुपारी वाढत नाही, बाई. तो सकाळी जेवढा तेवढाच दुपारी.

उष्णतेनंही चमक लवकर विझते. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, ह्या विषयातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून कातडीचं तापमान लक्षात घेऊनच हिशेब करावा लागतो. आम्ही ते एकच धरून चाललो होतो, पुण्याच्या थंड खोलीतल्या पायाचं. चमक लवकर विझली की यंत्राला वाटतं प्राणवायूनं विझवली. ती उष्णतेनं विझली असेल हे त्याला कळत नाही, कारण आम्ही त्याला सांगितलंच नाही.

मग तुमचं एप्रिलचं पत्र काढलं. पत्रा. बंद कूलर. लोखंडाचा चटका. बाई, ज्या पायाला रक्त पोचत नाही त्याला स्वतःची ऊब किंवा गारवा नसतो, तो खोलीइतकाच तापतो. तुम्ही सगळं लिहिलं होतं आणि मी टाच वाचली एवढंच वाचलं.

सरांची परवानगी घेऊन काकांचे आकडे पाहिले. वॉर्डातलं तापमान कुणी नोंदवलेलंच नाही. मी अंदाज धरून हिशेब पुन्हा केला. चवड्यात जितका प्राणवायू आम्ही सांगितला त्याच्या निम्माही नसावा. तेवढ्या प्राणवायूवर जखम भरत नाही. डॉ. मंजुनाथांना मी आजच फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी तुमच्या आकड्यावर कापलं." बाकी रुग्णाविषयी फोनवर सांगणार नाहीत म्हणाले, ते बरोबरच आहे.

आणखी एक लिहायलाच हवं. पट्टीतच तापमान मोजणारा बारीक धागा घालावा असं मी दोन वर्षांपूर्वी बैठकीत म्हटलं होतं. सर म्हणाले, पुढच्या खेपेला बघू, नाहीतर सगळं लांबेल. मी मान हलवली. मलाही लांबवायचं नव्हतं. मला संपवायचं होतं.

जखम खरंच ठीक आहे का? तुमच्या मेच्या पत्रात तुमचं अक्षर तिरकं गेलं आहे. तुमचं अक्षर कधी तिरकं जात नाही.

धम्मप्रिया


सोलापूर
८ जून २०२४

धम्मप्रिया,

तुझं पत्र आलं तेव्हा पाय गेला होता.

मी तुला ठीक आहे लिहिलं ते खोटं होतं. टाक्यांच्या कडा तेव्हाच काळ्या पडल्या होत्या. घरात वास येत होता, काशम्मा न सांगता उदबत्त्या लावून जायच्या. मला वाटलं, पोरीचा प्रबंध आहे, तिच्या सभेत टाळ्या वाजल्यात, आत्ता कशाला. असं करून मी काय मिळवलं कोण जाणे. निदान तेव्हा कळवलं असतं तर तू आणखी लवकर शोधलं असतंस का, हा विचार मी रोज करते. उत्तर देऊ नकोस.

मग थंडी वाजून ताप आला. ह्यांना माणसं ओळखू येईनात. मला "अव्वा, अव्वा" म्हणायला लागले, म्हणजे त्यांची आई. शिवलीलानं रिक्षा आणली. डॉक्टरांनी त्याच दिवशी गुडघ्याखालून काढला. रक्तात विष चढलं होतं. ते जगतील की नाही हे बरेच दिवस कुणी सांगेना. मला तर बाहेरून काही ऐकूही येत नाही. मी नुसती डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत बसायची.

ह्यांना बसता यायला लागल्यावर तुझं पत्र वाचून दाखवलं. शिवलीला नको म्हणत होती. मी म्हटलं, त्यांचा पाय आहे, त्यांना कळायला हवं. सगळं वाचलं, पट्टी, उष्णता, तो धागा. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी मला ओठ दिसतील असं सावकाश बोलले.

"म्हंजे फेब्रुवारीतच डॉक्टरचं ऐकलं आसतं तर एकदाच कापून भागलं आसतं."

"हो."

"दोनदा कापलं."

"हो."

"माप चुकलं की कापड वाया जातंय. माझं माप चुकलं तर मी गिऱ्हाइकाला नवीन कापड आनून देतो. ही काय आनून देनार?"

तुझ्या वतीनं बोलायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि खरं तर बोलायची इच्छाही नव्हती. तू पट्टी पाय वाचवत नाही असं लिहिलं होतंस, ते मला आठवतं. पण आकडे चांगले आले असंही लिहिलं होतंस. मी दुसरं वाक्य धरून बसले. ते तुझं अक्षर होतं म्हणून.

शिवलीला तक्रार करायची म्हणते. मी तिला अडवणार नाही.

दानम्मा


पुणे
२३ जून २०२४

बाई,

क्षमा मागत नाही. मागितली तर तुम्हाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते ओझं तुमच्यावर घालायचं नाही.

शिवलीलाताईंनी तक्रार जरूर करावी. अशा चाचण्यांवर देखरेख करणारी एक समिती असते, तिचा पत्ता आणि लागणारे सगळे कागद सोबत पाठवते आहे. मी स्वतःही त्या समितीला लिहून कळवलं आहे. हिशेब कसा चुकला, कुणी काय धरून चाललं, धागा का घातला नाही, सगळं माझ्या सहीनिशी.

सर चिडले. "शुगर होती, जंतुसंसर्ग होता, उशीर त्यांनीच केला. सगळं तापमानावर कसं ढकलतेस? दुरुस्ती करून लेख पाठवू, तळटीप टाकू," म्हणाले. त्यांचं एक म्हणणं खरं आहे, बाई. किती वाटा उष्णतेचा आणि किती शुगरचा हे आता कुणालाच नक्की सांगता येणार नाही. मलाही नाही. मी म्हटलं, "सर, तळटीप सोलापुरातल्या माणसाला कोण वाचून दाखवणार?" मग समितीच्या पत्राखाली त्यांनीही सही केली. वाईट माणूस नाही. तोही थकला आहे.

चाचणी थांबली. सोलापुरातल्या आणखी दोन रुग्णांवर पट्टी लावली होती. एकाचं कापणं आमच्या आकड्यावर ठरलंच नव्हतं. दुसऱ्या बाईंची शस्त्रक्रिया व्हायची होती, ती डॉक्टरांनी पुन्हा तपासून, आमच्या आकड्यापेक्षा वरून कापून केली. त्या बऱ्या आहेत. लेख पाठवला नाही. प्रबंध कधी होईल ठाऊक नाही.

रोज सकाळी उठते, पट्ट्या गरम पाण्याच्या भांड्याच्या कडेला लावते आणि कुठल्या तापमानाला चमक किती वेळ टिकते ते मोजते. पहिल्याच वर्षी करायला हवं होतं ते काम.

काकांना भेटायला यावं असं वाटतं. तुम्ही नको म्हणालात तर येणार नाही.

धम्मप्रिया


सोलापूर
४ ऑगस्ट २०२४

धम्मप्रिया,

कागद मिळाले. शिवलीलानं तक्रार दिली. समितीची माणसं घरी येऊन गेली, सभ्य होती. कृत्रिम पाय बसवून देण्याचं त्यांनी कबूल केलं आहे.

ह्यांना पाय नाही हे अधूनमधून विसरायला होतं. परवा मशीनवर बसले आणि पायटा दाबायला गेले. मग उठलेच नाहीत, तिथंच बसून राहिले. मी डाव्या पायानं चालवून बघा म्हटलं. "बेडा," म्हणाले. म्हणजे नको. ते कन्नडवर उतरले की मी पुढं बोलत नाही.

यायचं असेल तर ये. ते बोलतील अशी आशा धरू नकोस. मी चहा करीन.

दानम्माबाई


पुणे
१९ जानेवारी २०२५

बाई, जयभीम.

सप्टेंबरात येऊन गेले, त्यानंतर आजच लिहिते आहे. तुम्ही चहा दिलात, काका भिंतीकडे तोंड करून पडून होते. निघताना मी त्यांच्या खाटेशी उभी राहिले आणि "येते काका" म्हटलं. त्यांनी मान वळवली नाही, पण शिवलीलाताईंना कन्नडमधून काहीतरी म्हणाले. बाहेर आल्यावर मी ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "हिला स्टँडवर सोडून ये, ऊन हाय, असं म्हणाले."

आता कामाचं. नव्या पट्टीत तापमानाचा धागा आहे. पायाचं तापमान कळल्याशिवाय यंत्र आकडा दाखवतच नाही. पुण्यात तापवलेल्या खोलीत ती नीट चालली. पण पुण्यातली तापवलेली खोली म्हणजे सोलापूरचा एप्रिल नाही, हे मी आता कुणालाही सांगू शकते. समितीनं पुन्हा परवानगी दिली आहे, अटी घालून. पहिली अट, ह्या आकड्यावर कुणाचं कापणं ठरणार नाही, नुसती नोंद होईल. दुसरी, प्रत्येक रुग्णाला मागची चूक आधी सांगायची. ती अट मीच सुचवली.

डॉ. मंजुनाथ तयार आहेत. म्हणाले, "तुम्ही इथं उभ्या राहणार असाल तर." मी राहणार आहे. मार्चपासून पावसापर्यंत सोलापुरातच.

तुम्हाला त्रास होईल हे मला कळतं. रुग्णालय तेच, वॉर्ड तोच. काकांचे पाय बसवण्याचे आणि तपासणीचे फेरे तिथंच असतात, त्यामुळे समोरासमोर येऊच. आधी कळवलेलं बरं.

धम्मप्रिया


सोलापूर
११ एप्रिल २०२५

चि. धम्मप्रिया,

तू गावातच खोली घेऊन राहतेस आणि मी तुला पोस्टानं लिहिते आहे, हे हसण्यासारखंच आहे. पण समोर आलीस की मला तुझे ओठ वाचावे लागतात आणि तू फार भराभर बोलतेस. शिवाय जे काल झालं ते मला नीट लिहून काढायचं होतं.

काल ह्यांना तपासणीला नेलं. तू पुण्याला गेली होतीस म्हणे, सोमवारी परत येणार. नवा पाय त्यांना आवडत नाही, कच्च्या टाक्यासारखा वाटतो म्हणतात, पण घालून दारापर्यंत जातात. वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या, चंद्रव्वा. अक्कलकोटच्या खालच्या गावच्या, नुसतं कन्नड बोलणाऱ्या. त्यांचाही तोच आजार. अंगठा काळा पडलेला. त्यांच्या हातात तुझं नवं माहितीपत्रक होतं, त्यांना वाचता येत नव्हतं. सुनेनं अर्धवट वाचून सांगितलं होतं की मागं एका माणसाचं चुकलं.

चंद्रव्वांनी ह्यांचा पाय बघितला. बघितला आणि ओळखलं असणार, बायकांना कळतं. त्यांनी सरळ विचारलं, "अण्णा, तो माणूस तुम्हीच का?"

वॉर्डात सगळे गप्प झाले. मला ऐकू येत नाही तरी गप्प झालेलं कळतं. पंख्याखालची सून थांबली, नर्स हातात ट्रे घेऊन थांबली. डॉ. मंजुनाथ दारात होते, तेही थांबले. ह्यांनी होकारार्थी मान हलवली.

"मग लावू का नको?"

मी मनात म्हटलं, आता हे बेडा म्हणणार. त्यांना तो हक्क होता, आणि ते म्हणाले असते तर मी तुला तसंच कळवलं असतं. मग कन्नडमध्येच म्हणाले, मी शब्दन् शब्द ओठांवरून घेऊन त्याचं मराठी केलं आहे:

"मला इचारू नको. ज्या पोरीनं केलंय तिला समोर उभी कर. तिला म्हन, माझ्या डोळ्यांत बगून सांग काय चुकलं व्हतं आनि आता काय बदललंय. तिचं सगळं ऐकून घे. मग तुझं तू ठरव. माझ्या येळेला मी तिचं नाव ऐकून व्हय म्हटलं. तसं करू नको."

चंद्रव्वा म्हणाल्या, "तिला कन्नड येतं का?"

"न्हाय येत," हे म्हणाले. "ही सांगंल." आणि माझ्याकडे बोट केलं.

घरी येताना रिक्षात मी त्यांना विचारलं, "तुमचा राग गेला का?" ते म्हणाले, "न्हाय गेला." पुढचा चौक आला. मग म्हणाले, "पन बाई एकटी हाय. सून लहान हाय. कुनीतरी नीट सांगायला पायजे."

तेव्हा मंगळवारी सकाळी वॉर्डात ये. ऊन चढायच्या आधी. चंद्रव्वा विचारतील आणि आडवळणानं विचारणार नाहीत, मी त्यांना पाहिलं आहे. काय सांगायचं ते तू ठरव. मी शेजारी उभी राहून त्याचं कन्नड करीन. जेवढं तू म्हणशील तेवढंच. तुझ्या बाजूनं एक शब्द जास्त घालणार नाही आणि एक शब्द गाळणारही नाही. सावकाश बोल.

तुझी,
दानम्माबाई